बंदूक, परवाना आणि राज्याची हद्द

सागरहून निघालेल्या ट्रकात एक लोखंडी कपाट होते, दोन खाटा होत्या, शिलाई मशीन होते, बाबासाहेबांची काचेच्या चौकटीतली तसबीर होती आणि गोधडीत गुंडाळलेली बारा बोअरची एक दुनळी बंदूक होती. बंदुकीचा मालक ट्रकात नव्हता. तो बायकोमुलांना घेऊन रेल्वेने नागपूरकडे निघाला होता, आणि बंदुकीचा परवाना त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला होता. मध्य प्रदेशाची हद्द ओलांडल्यावर नाक्यावर ट्रक थांबवला गेला. गोधडी उलगडली गेली. ड्रायव्हर बावीस वर्षांचा, बंजारा समाजातला पोरगा. आपल्या मागे बंदूक आहे हे त्याला पोलिसांनी सांगितल्यावर कळले.

मालक म्हणजे आमच्या वस्तीतले एक निवृत्त हवालदार. आम्ही त्यांना काका म्हणतो. महार रेजिमेंटमध्ये नोकरी केली, निवृत्तीनंतर रेजिमेंटचे केंद्र असलेल्या सागरलाच घर केले, तिथेच रीतसर परवाना काढला आणि बंदूक घेतली. नागपुरात पहारेकऱ्याची जागा मिळाली. स्वतःची बंदूक असलेल्या माणसाला पगार थोडा जास्त, म्हणून बंदूकही निघाली. माजी सैनिकाच्या हातातली ती बंदूक म्हणजे सुताराच्या हातातला रंधाच. हे अवजार घेऊन माणूस पोटामागे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातून मुंबई-पुण्याकडे असे कितीतरी जण आले. त्यांत आपली माणसे कमी नाहीत. सैन्य हा आपल्यासाठी अक्षरशः एक दरवाजा होता, आणि तो दरवाजा सरकारने १८९२ च्या सुमारास महारांना बंद केला तेव्हा तो पुन्हा उघडावा म्हणून गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांना अर्जांवर अर्ज करावे लागले होते. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्या दरवाजातून बाहेर पडलेल्या माणसाला आज बंदुकीचा कायदा नीट माहीत नसावा, आणि तो माहीत नाही म्हणून त्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात, ही गोष्ट मला खुपली. म्हणून हा लेख.

काकांचा परवाना खरा होता. मुदतीत होता. बंदुकीचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी जुळत होता. मग चुकले कुठे? दोन ठिकाणी चुकले, आणि या दोन्ही चुका फार शिकलेली माणसेही करतात.

पहिली चूक परवाना न वाचण्याची. आपण परवान्याकडे ओळखपत्रासारखे पाहतो. फोटो आहे, शिक्का आहे, सही आहे, झाले. पण शस्त्रांचा परवाना माणसाला मिळतो तसाच तो जागेलाही बांधलेला असतो. त्यावर एक रकाना आहे: हा परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे. तिथे एखाद्या जिल्ह्याचे नाव असते, कुठे अख्ख्या राज्याचे, कुठे लगतच्या राज्यांचे, आणि थोड्या भाग्यवंतांच्या परवान्यावर ‘संपूर्ण भारत’. काकांच्या रकान्यात मध्य प्रदेश होते. म्हणजे सिवनी ओलांडून पुढे राज्याची सीमा लागली त्या क्षणी त्या कागदाचे बळ संपले. नदीच्या अलीकडे जी वस्तू मालमत्ता होती ती पलीकडे गुन्हा ठरली.

‘संपूर्ण भारत’ हे शब्द कोणाला मिळतात? मंत्री, खासदार, सैन्यातले आणि अखिल भारतीय सेवेतले अधिकारी, नेमबाजीचे खेळाडू अशांना ते सहज मिळावेत अशीच केंद्राच्या गृहखात्याची २०१० पासूनची दिशा राहिली. इतरांनी कारण दाखवून मागायचे. ज्याची नोकरीच त्याला राज्याराज्यांतून फिरवते त्या गरीब पहारेकऱ्याला हे कारण सर्वांत जास्त लागू पडते, आणि ते मागता येते हे त्यालाच ठाऊक नसते.

दुसरी चूक ऐकीव कायद्याची. काकांना कोणी तरी सांगितले होते, ‘गेल्यावर तीस दिवसांत कळवलं की झालं.’ हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे हे कोर्टात पूर्ण खोट्यापेक्षा जास्त नडते. तीस दिवसांची अट खरोखरच आहे. १९६२ च्या शस्त्र नियमांत ती परवान्याच्या अटींत होती आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१६ च्या नियमांतही आहे. परवानाधारकाने राहण्याची जागा कायमची बदलली, किंवा तीस दिवसांहून अधिक काळासाठी तात्पुरती बदलली, आणि शस्त्र सोबत नेले, तर तीस दिवसांच्या आत दोन ठिकाणी लेखी कळवायचे: नव्या जागेच्या परवाना अधिकाऱ्याला, आणि ज्याने परवाना दिला किंवा शेवटचे नूतनीकरण केले त्या जुन्या अधिकाऱ्याला. नव्याने मागितले तर परवाना आणि शस्त्र दोन्ही दाखवायचे, म्हणजे तो परवान्यावर नव्या पत्त्याची नोंद करील. तेथून पुढे नूतनीकरण नव्या अधिकाऱ्याकडे.

पण ही अट राहण्याच्या जागेची आहे, हद्दीची नव्हे. हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, आणि सगळा घोळ ते एक समजण्यात आहे. ‘मी आता कुठे राहतो’ या प्रश्नाला तीस दिवसांची सवलत आहे. ‘ही बंदूक या भूमीवर माझ्या हातात असू शकते का’ या प्रश्नाला एका तासाचीही सवलत नाही. ज्याच्या परवान्यावर संपूर्ण भारत लिहिले आहे तो बंदूक घेऊन निघू शकतो आणि पोचल्यावर तीस दिवसांत कळवू शकतो. ज्याच्या परवान्यावर एकच राज्य आहे त्याने निघण्याआधी काम केले पाहिजे.

ते काम असे. जुन्या जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. जिल्ह्यात हा अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, आपला कलेक्टरच. मुंबई, पुणे, नागपूर अशा पोलीस आयुक्तालयाच्या शहरांत पोलीस आयुक्त. अर्जात बदलीचे किंवा नोकरीचे कारण, नव्या जागेचा पत्ता, जाण्याची तारीख आणि मार्ग लिहायचा आणि क्षेत्र वाढवून मागायचे, किंवा निदान प्रवासापुरती परवानगी. अर्जाची पोच घ्यायची. तोंडी ‘जाओ, कुछ नहीं होता’ हे उत्तर घेऊन उठायचे नाही. काकांना नेमके हेच उत्तर मिळाले होते, आणि देणाऱ्याचे नाव त्यांना आठवत नाही.

अर्ज रेंगाळला आणि नोकरीची तारीख जवळ आली तर? तर बंदूक मागे ठेवायची. परवानाधारक व्यापाऱ्याकडे, म्हणजे शस्त्रांच्या दुकानात, ती सुरक्षित ठेवीसाठी देता येते. पोलीस ठाण्यातही जमा करता येते. पावती घ्यायची, पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्यायची. माणूस पुढे जाईल, कागद पुरा झाल्यावर बंदूक नेता येईल. पगारात दोन महिने थोडे कमी येतील. कोर्टाच्या चार वर्षांपेक्षा ते स्वस्त.

आता ट्रकाचे. घरसामान हलवताना बंदूक सामानात टाकणे ही इतकी साहजिक गोष्ट वाटते की त्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याचे तिसरे कलम पाहा. ज्याच्याजवळ परवाना नाही त्याला दुसऱ्याची बंदूक नेण्याची मुभा ते फार थोड्या कामांसाठी देते: दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण, किंवा खुद्द धारकाच्या वापरासाठी, आणि तेही धारक सोबत असताना किंवा त्याचे लेखी अधिकारपत्र असताना. काका सोबत नव्हते, लेखी काही नव्हते. तेव्हा कायद्याच्या नजरेत त्या पोराच्या ताब्यात विनापरवाना बंदूक होती. अकरा दिवस तो आत राहिला. काकांना स्वतःच्या खटल्याचे इतके वाईट वाटत नाही जितके त्या अकरा दिवसांचे वाटते; त्या पोराच्या आईला ते पुढे जाऊन भेटून आले.

त्याला शेवटी वाचवले ते ‘ताबा’ या शब्दाने. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की ताब्याला जाणीव लागते. वस्तू आपल्याजवळ आहे हे माहीतच नसेल तर तो कायद्याने ताबा नव्हे. पण त्याच निवाड्याची दुसरी बाजूही आहे: वस्तू प्रत्यक्ष दुसऱ्याच्या हातात असली, तरी तिच्यावर तुमचे नियंत्रण असेल तर ताबा तुमचाच. म्हणजे ड्रायव्हर सुटला त्याच तत्त्वाने काका अडकले. ‘मी तर रेल्वेत होतो’ हा बचाव होऊ शकत नव्हता.

तेव्हा बंदूक धारकाने स्वतः न्यावी. रिकामी करून, नळ्या उघडून खात्री करून, खोळीत पूर्ण झाकून, हाताशी ठेवून. काडतुसे वेगळी, आणि परवान्यावर जेवढी लिहिली असतील त्याहून एकही जास्त नको. जुन्या पिशवीच्या शिवणीत विसरलेले एखादे काडतूस विमानतळावर सापडते आणि सभ्य माणसावर गुन्हा दाखल होतो, अशी प्रकरणे उच्च न्यायालयांपर्यंत कितीदा तरी गेली आहेत. विमानात बंदूक हाताच्या सामानात चालत नाही. आधी जाहीर करून, रिकामी, तपासून पोटात जाणाऱ्या सामानात द्यावी लागते. मूळ परवाना जवळ हवा, झेरॉक्स नव्हे. एकोणिसाव्या कलमाने पोलीस परवाना दाखवायला सांगू शकतात आणि तो दाखवावाच लागतो.

विसाव्या कलमाकडे मात्र जरा थांबून पाहिले पाहिजे. शस्त्र नेण्याची रीत किंवा परिस्थिती अशी असेल की बेकायदा वापराचा वाजवी संशय यावा, तर परवाना असो वा नसो, वॉरंटशिवाय अटक करता येते. आणि ही अटक फक्त पोलिसाने करायची असेही नाही. दंडाधिकारी, कोणताही लोकसेवक, इतकेच काय रेल्वेत, मोटारीत, जहाजावर काम करणारा कोणीही ती करू शकतो. ‘वाजवी संशय’ हे दोन शब्द कागदावर सगळ्यांना सारखे दिसतात. फलाटावर ते सारखे वागत नाहीत. तीच खोळ खांद्यावर घेऊन पांढऱ्या कपड्यांतला जमीनदाराचा मुलगा पहिल्या वर्गाच्या डब्यात चढतो आणि काळा, किडकिडीत, जनरलच्या रांगेत उभा असलेला माणूस चढतो. संशय कोणाचा येतो ते वाचकांना मी सांगायला नको. म्हणूनच आपल्या माणसाचे कागद इतरांपेक्षा जास्त चोख असावे लागतात. हे न्याय्य नाही. पण आहे हे असे आहे.

शिक्षा किती? विनापरवाना ताब्याला पूर्वी किमान एक वर्षाची कैद होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे झाली, वर दंड. परवाना आहे पण अट मोडली, तर तिसावे कलम: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या दोहोंतले अंतर केवढे आहे पाहा. काकांसारख्या प्रकरणात पोलीस जड कलम लावतात, वकिलाने भांडायचे ते हलक्या कलमासाठी. आणखी एक गोष्ट तरुण वकिलांनी ध्यानात ठेवावी. तिसऱ्या कलमाच्या गुन्ह्यासाठी खटला भरण्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्याची मंजुरी लागते, एकोणचाळिसावे कलम. काकांच्या प्रकरणात ती मंजुरी सरकार पक्षाला नीट शाबीत करता आली नाही, आणि ते त्यावर सुटले. पण या मुद्द्यावर सुटायला चार वर्षे लागली. नोकरी पहिल्याच आठवड्यात गेली होती.

२०१९ च्या त्याच दुरुस्तीने आणखी दोन बदल केले. एका माणसाकडे पूर्वी तीन बंदुका ठेवता येत, आता दोनच. आणि परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली. वडिलांची आणि काकांची मिळून जास्तीची बंदूक घरात असेल तर हलवण्याआधी तिचा निकाल लावावा. परवान्याला विशिष्ट ओळख क्रमांक आहे ना आणि तो राष्ट्रीय नोंदणीत आहे ना, हेही पाहावे. क्रमांक नसलेले जुने परवाने आता ग्राह्य नाहीत. जम्मू-काश्मीरमधून २०१२ ते २०१६ या काळात बाहेरच्या माणसांना वाटल्या गेलेल्या परवान्यांची चौकशी सीबीआयकडे गेल्यापासून परराज्यातला परवाना घेऊन येणाऱ्या पहारेकऱ्याकडे नवी कचेरी अधिकच वाकड्या नजरेने पाहते. ती जुन्या कचेरीकडून खातरजमा मागवते. तिला व्यवहारात ‘ना हरकत’ म्हणतात, आणि ती येईपर्यंत महिने जातात. शिवाय नोकरी देणाऱ्याला आधीच विचारावे की स्वतःच्या संरक्षणासाठी घेतलेल्या परवान्यावर दुसऱ्याच्या दारात उभे राहणे चालेल काय. हा प्रश्न एजन्सीचे लोक स्वतःहून कधी काढत नाहीत.

आतापर्यंत मी बंदूक बाळगणाऱ्याच्या बाजूने लिहिले. पण आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी बंदूक नाही. बंदूक आहे ती समोरच्या वाड्यात. त्यांच्या दृष्टीनेही हा तीस दिवसांचा नियम कामाचा आहे, आणि तो कसा ते कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा केला तेव्हा युरोपियनांना सूट दिली आणि एतद्देशीयांना परवान्याची सक्ती केली. मग त्या एतद्देशीयांत परवाना मिळाला कोणाला? ज्याला सरकार ओळखत होते त्याला: जमीनदार, इनामदार, पाटील. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्याच्या चौदाव्या कलमात एक सुंदर वाक्य आहे: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने कोणाला परवाना नाकारता येणार नाही. नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, मागितल्यास ती सहसा द्यावी लागतात, आणि अठराव्या कलमाखाली अपील करता येते. कायदा असे म्हणतो. चौकशीला आलेला शिपाई मात्र पहिल्यांदा सातबारा विचारतो.

त्यानंतर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि त्याचे १९९५ चे नियम. नियम तीन वाचा. अत्याचार होण्याची भीती असलेला भाग राज्य सरकारने निश्चित करायचा; गरज वाटल्यास त्या भागातल्या, अनुसूचित जाती-जमातींत नसलेल्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, कौटुंबिक मित्रांचेसुद्धा शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची; बेकायदा शस्त्रे जप्त करायची; आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना त्यांच्या जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने द्यायचे. हे नियम झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १ डिसेंबर १९९७ च्या रात्री, बिहारात लक्ष्मणपूर-बाथे येथे रणवीर सेनेने ५८ माणसे मारली. कागदावरचा नियम आणि सोन नदीच्या काठावरची ती वस्ती यांच्यात अंतर किती होते ते यावरून कळते.

आता हा नियम वापरायचा तर जिल्हादंडाधिकाऱ्यापुढे यादी हवी: या गावात कोणाकोणाकडे परवान्याच्या बंदुका आहेत. यादी कुठून येते? जिल्ह्याच्या नोंदींतून. सीमेवरच्या जिल्ह्यांत, नांदेडला तेलंगणाच्या बाजूला, अमरावतीला मध्य प्रदेशाच्या बाजूला, एका राज्यात घर आणि दुसऱ्या राज्यात शेत असे मालक असतात. परवाना तिकडचा, बंदूक वर्षातले आठ महिने इकडच्या शेतघरात. त्याने कळवलेच नसेल, तर इकडच्या यादीत ती बंदूक नाही. तणाव वाढला, तपासणी झाली, यादीतल्या बंदुका जमा झाल्या, आणि जी खरी भीतीची ती कोठीत तशीच राहिली. तेव्हा गावात अशी बंदूक असल्याचे कळले तर कार्यकर्त्याने ठाण्यात आणि कलेक्टर कचेरीत लेखी विचारावे: या परवान्याच्या क्षेत्रात आपला जिल्हा येतो काय, आणि जागा बदलल्याची सूचना आली होती काय? भाषण नको, हे दोन प्रश्न पुरतात. ज्या अटीने काकांसारखा माणूस अडकतो तीच अट वाड्यालाही लागू आहे. फरक इतकाच की वाड्याला कोणी विचारत नाही.

शिवाय ज्या कुटुंबाला नियम तीनखाली परवाना मिळाला ते कुटुंब बहुधा गावात टिकत नाही. ते तालुक्याला जाते, शहरात जाते, कधी राज्याबाहेर मुलीकडे जाते. त्यांच्याही परवान्यावर क्षेत्राचा तोच रकाना आहे. गाव सोडताना जीव मुठीत असतो. त्या घाईत हा रकाना पाहायची आठवण कोणी तरी करून दिली पाहिजे.

आणि एक बारीक गोष्ट, पण आपल्यासाठी महत्त्वाची. परवाना कुठलाही असो, विशेष अधिकार दिलेला नसेल तर यात्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र नेता येत नाही. नागपूरला बदलून आलेला पहारेकरी रात्रपाळी संपवून, खांद्यावर खोळ तशीच ठेवून दीक्षाभूमीच्या गर्दीत शिरला तर तो अट मोडतो. चैत्यभूमीलाही तेच. बंदूक आधी ठेवून यावी.

काकांचे पुढे काय झाले ते सांगतो. सुटल्याचा निकाल हातात आला तेव्हा बंदूक मालखान्यात होती. मुद्देमाल परत मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. कोर्टाने सांगितले, चालू परवाना दाखवा आणि न्या. परवाना खटला चालू असताना संपला होता. नूतनीकरणाला गेले तेव्हा नव्या कचेरीने सांगितले, शस्त्र तपासणीसाठी हजर करा. शस्त्र मालखान्यात. मालखाना परवाना मागतो, परवाना शस्त्र मागतो. आम्ही आता कोर्टाकडे एवढाच आदेश मागितला आहे की ठाण्याच्या शिपायाने बंदूक तपासणीपुरती कलेक्टर कचेरीत नेऊन दाखवावी आणि परत आणावी. पुढची तारीख पडली आहे. बंदुकीला तेल लावून किती वर्षे झाली, हे काका दर तारखेला मला विचारतात.